पाटी केळापूरची, कचेरी पांढरकवड्याला

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग साधारण दीडशे किलोमीटरवर यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका ओलांडतो. महसुली दप्तरात ह्या तालुक्याचं नाव केळापूर. सातबाऱ्यावर केळापूर, दाखल्यांवरही केळापूर. पण तहसील शोधत कुणी नवखा माणूस केळापुरात उतरला, तर त्याला जगदंबेचं देऊळ सापडतं, तहसीलदार सापडत नाही. कचेरी, बाजार समिती, कॉलेज, जिनिंग, सगळं शेजारच्या पांढरकवड्याला. पाटी एका गावाची, काम दुसऱ्या गावात. इथल्या माणसांना ह्याची इतकी सवय आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

कॉलेजात कोणता विषय घ्यावा ह्या प्रश्नाकडे येताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पदवीच्या नावाचंही बरेचदा असंच असतं.

बारावीचा निकाल लागतो, तेव्हा वऱ्हाडात उन्हाचा कडाका असतो आणि घरोघरी एकच बैठक भरलेली असते. बाप म्हणतो, "कॉम्प्युटर घे, सारं जग तिकडंच चाललं." कृषी केंद्र चालवणारा मामा म्हणतो, "कॉमर्स कर, जीएसटीचं काम शीक, उपाशी नाही मरणार." शेजारचा मुलगा पुण्याहून सुटीवर आलेला असतो, त्याचं पॅकेज किती हे कुणीतरी हळूच विचारतं. आणि चहा घेऊन आलेली आई म्हणते, "त्याले का आवडते, ते तं इचारा!" तिचं कुणी फारसं ऐकत नाही. खरं तर बैठकीतला सर्वांत अवघड प्रश्न तिनेच विचारलेला असतो. कारण आवडतं का, हे सांगायला आधी ते काम काय असतं हे माहीत हवं, आणि ते मुलाला कुणी दाखवलेलं नसतं.

ह्या प्रकरणात ते दाखवण्याचा प्रयत्न करू.

सीएस म्हणजे कोण?

आधी शब्दांचा गोंधळ. "मुलगा सीएस करतोय" असं नागपुरात ऐकलं, तर दोन अर्थ होतात. इंजिनिअरिंगवाल्यांच्या तोंडी सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, कॉमर्सवाल्यांच्या तोंडी कंपनी सेक्रेटरी. एक यंत्राला सूचना देतो, दुसरा कंपनी कायद्याप्रमाणे चालते की नाही हे पाहतो. अक्षरं तीच, आयुष्यं वेगळी.

कॉम्प्युटर शिकणं म्हणजे कॉम्प्युटर वापरायला शिकणं, हा दुसरा गोंधळ. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ साली स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्या-तालुक्यात, अगदी बाजाराच्या गावांत त्याची केंद्रं निघाली. लाखो लोकांनी माऊस पहिल्यांदा तिथे हातात धरला. फार मोठं काम झालं ते. पण त्यातून एक समजही घट्ट झाला, की टायपिंग, एक्सेल आणि इंटरनेट आलं की कॉम्प्युटर आला. पदवीचं कॉम्प्युटर सायन्स वेगळंच असतं. तिथे गणित असतं, तर्क असतो, माहिती कशी रचून ठेवावी म्हणजे चटकन सापडेल ह्याचा विचार असतो, एकाच यंत्रावर दहा कामं एकमेकांच्या पायात न येता कशी चालवावी हे असतं. स्क्रीनवरची रंगीत खिडकी हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग.

कॉमर्सबद्दलचा समज ह्याच्या उलट. कॉमर्स म्हणजे दुकानदारी, आणि दुकानदारी तर न शिकताही येते, असं मानलं जातं. "काहून रे, कॉमर्स घेऊन का दुकान टाकतं?" हा टोमणा कॉमर्सच्या किती मुलांनी ऐकला असेल! वास्तविक बी.कॉम.मध्ये हिशेबशास्त्र, परिव्यय, करकायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, लेखापरीक्षण असतं. बीबीएमध्ये माणसं, बाजार आणि व्यवस्थापन ह्यांच्यावर भर असतो. दुकान टाकायला ह्यातलं काही लागत नाही, हे खरं. ते बुडू नये म्हणून मात्र जवळपास सगळंच लागतं.

जिनिंगच्या फाटकात

दोन्ही विषय एकाच जागी उभं राहून पाहू. जागा केळापूर तालुक्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीची: दिवाळीनंतरचं जिनिंगचं फाटक. कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. काट्यावर वजन होतंय, ग्रेडर बोंडातला ओलावा तपासतोय, आत रुई आणि सरकी वेगळी होतेय.

कॉमर्सचं डोकं असलेला मुलगा इथे उभा राहिला, तर मनात गणित मांडतो. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला ५ क्विंटल कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पाच क्विंटलचे झाले ४०,५५०. त्यातून निघणारी सरकी, घट वजा जाता, ३२० किलोच्या आसपास. समजा ती ३,५०० रुपये क्विंटलने गेली, तर ११,२०० रुपये सुटले. उरलेले २९,३५० रुपये १७० किलो रुईतून निघाले पाहिजेत, म्हणजे किलोला सुमारे १७३. व्यापारी रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलतात. तेव्हा खंडीला साडेएकसष्ट हजारांच्या खाली भाव असेल, तर हमीभावाने कापूस घेणारा जिनिंगवाला वीज, मजुरी आणि व्याज धरायच्या आधीच तोट्यात आहे.

इथे त्याला एक गोष्ट दिसते. बाजारात रुई पडली की खासगी व्यापारी फाटक का बंद करतो आणि सगळी रांग सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्राकडे का वळते, ह्याचं उत्तर कुणाच्या लबाडीत शोधायच्या आधी ह्या चार ओळींच्या हिशेबात शोधावं लागतं. हा हिशेब वाचून तुम्हाला सरकीचा भाव बदलून पाहावासा वाटला, ३४ च्या जागी ३६ किलो रुई निघाली तर काय होईल असं मनात आलं, तर ती खूण ओळखा.

आता त्याच फाटकात दुसरा मुलगा. त्याला भावाशी देणंघेणं नाही, तो रांगेकडे पाहतोय. समजा तीन वाहनं आहेत. पुढे ट्रक, त्याला खाली व्हायला ६० मिनिटं. मग टेम्पो, २० मिनिटं. शेवटी बैलगाडी, १० मिनिटं. आल्या क्रमाने सोडलं, तर ट्रक थांबला नाही, टेम्पो ६० मिनिटं थांबला, बैलगाडी ८०. सरासरी थांबणं झालं जवळजवळ ४७ मिनिटं. आता क्रम उलटा करा. बैलगाडी लगेच, टेम्पो १० मिनिटांनी, ट्रक ३० मिनिटांनी. सरासरी १३ मिनिटं! काम तेवढंच, ९० मिनिटांचं. माणसं तीच, काटा तोच. फक्त क्रम बदलला आणि थांबणं तिपटीहून अधिक घटलं.

तुमच्या मोबाईलच्या आत चालणारी व्यवस्था असल्याच प्रश्नांशी झुंजत असते: एकच प्रोसेसर आणि दारात अनेक कामं, आधी कुणाला घ्यायचं? लहान काम आधी, हा नियम तिथेही शिकवतात आणि त्याचा धोकाही शिकवतात. बैलगाड्या येतच राहिल्या तर ट्रकचा नंबर कधीच लागणार नाही. ह्या अवस्थेला संगणकशास्त्रात चक्क उपासमार म्हणतात. मग तोडगा काढतात, की जो जितका थांबला तितका त्याचा मान वाढवत न्यायचा. हे वाचताना दुसरा तोडगा सुचला असेल, किंवा चार वाहनं घेऊन कागदावर मांडून पाहावंसं वाटलं असेल, तर हीसुद्धा खूण आहे.

बहुतेकांना ह्या दोन परिच्छेदांपैकी एक जरा कंटाळवाणा वाटला असेल. कोणता, ते लक्षात ठेवा.

चूक कधी कळते

आवडीपेक्षाही खोल जाणारा एक फरक ह्या दोन कामांत आहे आणि प्रवेशाच्या वेळी तो कुणी सांगत नाही. तो फरक चुकांबाबतचा आहे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक सहसा लगेच तोंडावर फेकली जाते. एक स्वल्पविराम राहिला, की यंत्र म्हणतं, चालणार नाही. दुरुस्त केलं की पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही. दिवसातून पन्नास वेळा यंत्र तुम्हाला चूक ठरवतं, तेही न रागावता आणि न समजावता. काहींना ह्याचं वेडच लागतं, रात्रीचे दोन वाजले तरी उठवत नाही. काही हुशार मुलं मात्र महिन्याभरात खचतात, कारण शाळेत त्यांचं कधी चुकलेलंच नसतं. अर्थात यंत्र दर वेळी लगेच सांगतंच असं नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. एक मोठी संख्या लहान जागेत कोंबण्याची चूक जुन्या प्रोग्रॅममध्ये दबा धरून बसली होती. पण शिकण्याच्या काळात तरी यंत्रासारखा तत्पर मास्तर दुसरा नाही.

धंद्यातली चूक हंगाम उलटल्यावर कळते. २०२१-२२ मध्ये विदर्भात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल म्हणून असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. घराच्या खोल्या भरल्या, अंगाला खाज सुटली, आणि भाव सात-आठ हजारांत अडकून राहिला. थांबण्याचा निर्णय चुकला का? ज्या दिवशी घेतला त्या दिवशी तो वेडेपणाचा नव्हता. धंद्यात चांगला निर्णय तोट्यात जातो, वाईट निर्णय फायद्यात येतो, आणि निकाल लागेपर्यंत सहा महिने शांत झोपता यावं लागतं. अपुऱ्या माहितीवर ठरवणं, दुसऱ्याच्या शब्दावर काही अंशी विश्वास टाकणं आणि निकाल आल्यावर नशीब किती, अक्कल किती हे प्रामाणिकपणे वेगळं करणं, ही ह्या विद्येची खरी परीक्षा.

म्हणून "तुला काय आवडतं?" ह्याच्या जोडीला एक प्रश्न विचारावा: तुला कोणती चूक सोसते? दिवसाला पन्नास वेळा होणारी लहान, की वर्षातून एकदा होणारी मोठी? अठराव्या वर्षी आवड सांगता येत नाही, पण स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक असतो. बिघडलेला पंखा उघडून तीन तास त्यात डोकं घालणारी मुलगी आणि बैलबाजारात बापाच्या शेजारी उभी राहून समोरचा किती उतरेल ह्याचा अंदाज बांधणारी मुलगी, ह्या दोघींना आई बरोबर ओळखते.

एका घरात दोन शाखा

इथवर दोन्ही विषय आमनेसामने उभे केले, ते समजण्यापुरते. प्रत्यक्षात त्यांची सोयरीक जुनी आहे.

धंद्याच्या रोजच्या कामासाठी जगात पहिल्यांदा कॉम्प्युटर उभारला, तो एका चहावाल्या कंपनीने. इंग्लंडमधल्या जे. लायन्स ह्या कंपनीची चहाची दुकानं गावोगाव होती. पाव-केक किती भाजायचे, कुठे किती पाठवायचे, खर्च किती आला, ह्या हिशेबाने कारकून बेजार झाले होते. कंपनीने स्वतःच यंत्र बांधलं, त्याला लिओ नाव दिलं, आणि १९५१ साली त्यावर बेकरीचा हिशेब सुरू झाला.

आपल्याकडची टॅली घ्या. पांढरकवड्यातल्या कुठल्याही करसल्लागाराकडे जा, टेबलावर टॅली उघडी दिसेल. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना माल पुरवणारे व्यापारी. धंद्याचे हिशेब नीट ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. मुलगा भरत गणिताचा पदवीधर, त्याने ते लिहिलं. वर्ष १९८६. व्यापाऱ्याला काय हवं ते बापाला ठाऊक होतं, यंत्राकडून ते कसं करवून घ्यायचं ते मुलाला.

मराठी घरातलं उदाहरण क्विक हीलचं. साताऱ्याच्या रहिमतपूरचं काटकर कुटुंब. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. दुरुस्तीच्या कामात कॉम्प्युटर पाहिला आणि ह्याच्यातच पुढचं आहे हे त्यांनी हेरलं. धाकटे संजय पुण्यातच कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांना व्हायरस लागलेला असे. संजयनी तो काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले, कैलासनी ते विकले. नव्वदच्या दशकातल्या ह्या दुकानाची कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. थोरल्याकडे व्यवस्थापनाची पदवी नव्हती, धाकट्याकडे भांडवल नव्हतं. दोघांतला एक नसता तर दुसऱ्याचं काय झालं असतं, ह्याचा विचार करून पाहा.

आणि पाटीचा मुद्दा. परम महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. नागपूरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, ते इंजिनिअर झाले तेव्हा कॉम्प्युटरची वेगळी शाखाच नव्हती. परम ८००० तयार झाला १९९१ साली. नरेंद्र करमरकर मुंबईच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल शिकले. १९८४ मध्ये त्यांनी मोजकी साधनं अनेक कामांत उत्तमरीत्या कशी वाटावी, हे झटपट काढणारी रीत मांडली. हा मुळात धंद्याचाच प्रश्न, सोडवला तो गणिताने आणि कॉम्प्युटरने. दोघांच्या पहिल्या पदवीवर पाटी वेगळी होती, कचेरी वेगळ्या गावात निघाली.

आज केळापूरच्या शेतकऱ्यालाही ही सोयरीक चुकलेली नाही. २०२५-२६ पासून सीसीआयला कापूस द्यायचा तर "कपास किसान" ह्या मोबाईल अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. नेटवर्क नसलेल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, हे अ‍ॅप कसं चालावं, ज्याचा सातबारा वडिलांच्या नावावर आहे त्याने काय करावं, हे प्रश्न कॉम्प्युटरचे की व्यवहाराचे? दोन्ही कळणारा माणूस तिथे हवा आहे.

भावाचं जाळं

आता पॅकेजचं बोलू, कारण घरातली बैठक शेवटी तिथेच येते.

शेतकऱ्याला हा नियम शिकवावा लागत नाही: गेल्या वर्षी ज्याला भाव, ते यंदा सगळे पेरतात, आणि सगळ्यांनी पेरलं की भाव पडतो. मग पुढच्या वर्षी कुणी पेरत नाही आणि भाव चढतो. किंमत आणि पीक ह्यांचा आलेख काढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल गोल फिरत जातो, म्हणून अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर ह्यांनी १९३४ मध्ये त्याला तेच नाव दिलं. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड फ्रीमन ह्यांनी दाखवलं, की इंजिनिअरांचंही असंच होतं. पगार चढले की कॉलेजांत झुंबड उडते, चार वर्षांनी सगळे एकदम बाजारात येतात, पगार उतरतात, मग मुलं पाठ फिरवतात, आणि पुन्हा तुटवडा पडतो.

कापूस सहा महिन्यांत हाती येतो, पदवी तीन-चार वर्षांत. म्हणजे आजच्या पगारावरून विषय निवडणं हे कापसापेक्षाही मोठं धाडस. २००० नंतर अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्या कोसळल्या तेव्हा कॉम्प्युटरची हवा उतरली. २००८ च्या मंदीत बँकांची उतरली. दोन्ही वेळा ज्यांनी त्याच वर्षी पदवी घेतली ते पोळले, आणि घाबरून सगळे बाहेर पडत असताना जे आत शिरले त्यांचं बरं झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. साधा, सांगितला तेवढाच कोड लिहिणं आता यंत्र करू लागलंय, आणि साध्या नोंदी करणंही. ही टाच दोन्ही शाखांच्या तळाच्या कामावर आली आहे. काय करायला हवं आहे हे ठरवणारा आणि यंत्राने दिलेलं उत्तर चूक आहे हे ओळखणारा, ह्यांचं काम शिल्लक आहे. त्यासाठी विषय मुळातून यावा लागतो. मन नसलेल्या विषयात तो मुळातून येत नाही.

दारं कोणती उघडी राहतात

काही व्यवहाराच्या गोष्टी. बारावीपर्यंत सायन्स, त्यातही गणित ठेवलं, तर पुढे इंजिनिअरिंग, बी.एस्सी., बीसीए, बी.कॉम., बीबीए, सगळी दारं उघडी राहतात. बारावी कॉमर्सने केली तर इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, बीसीएचं मात्र उघडं राहतं. म्हणून दहावीनंतर मन ठरत नसेल आणि गणिताचा तिटकारा नसेल, तर सायन्स-गणित हा सावध मार्ग. तिटकारा असेल, तर केवळ दार उघडं राहावं म्हणून दोन वर्षं रडत काढण्यात अर्थ नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे, आणि ग्रामीण मुलांना ती बरेचदा जास्त मानवते.

२०२४ पासून बीसीए आणि बीबीएला राज्याची सीईटी लागू झाली. अनेकांना हे अर्जाची मुदत संपल्यावर कळलं, पहिल्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. तेव्हा निकालाची वाट पाहू नका, बारावीच्या वर्षातच सीईटी सेलच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. सीएचं फाउंडेशन बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येतं. शुल्क इंजिनिअरिंगच्या मानाने बरंच कमी, परीक्षा मात्र कडक, आणि दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पुरी करावी लागते.

घराची परिस्थितीही मोजावी, त्यात लाज नाही. पांढरकवड्याच्या शिवरामजी मोघे महाविद्यालयात कला, वाणिज्य आणि विज्ञान हे तिन्ही आहे. घरी राहून शिकता येतं. यवतमाळला आणि पुसदला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पण तिथे खोली आणि मेस आली. २०२४-२५ पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शासनाच्या प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आदिवासी मुलांसाठी वसतिगृहं आणि स्वयम योजना आहे, त्याची चौकशी पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात करता येते. मुलीला "कॉमर्सच कर, खर्च कमी" म्हणण्याआधी हे कागद एकदा पाहावेत.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नव्या शैक्षणिक धोरणाची. आता पदवीला एक मुख्य विषय असतो, मुलं त्याला मेजर म्हणतात, आणि जोडीला एक मायनर. मायनर दुसऱ्या विद्याशाखेचाही घेता येतो. ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्याच विद्याशाखेचं घ्यावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटर मेजर घेणाऱ्याला हिशेबशास्त्र शिकता येतं, बी.कॉम.वाल्याला प्रोग्रॅमिंग किंवा संख्याशास्त्र. अर्थात नियमात असलेलं सगळं प्रत्येक कॉलेजात शिकवणारं कुणी असतंच असं नाही. प्रवेशाआधी प्राध्यापकांना भेटून विचारा, मायनर म्हणून ह्या वर्षी प्रत्यक्षात काय काय चालू आहे? "मुलं सहसा सोपं तेच घेतात" असं उत्तर मिळालं, तर तुम्ही अवघड ते मागा.

अर्ज भरण्याआधी एक महिना

शेवटी एक काम सांगतो. परीक्षा संपल्यावर निकालापर्यंतचा महिना मोकळाच जातो, त्यात ते बसतं.

पहिले पंधरा दिवस घरच्या एका एकराचा हिशेब लिहा. बियाण्याची पाकिटं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडं, बापाच्या स्वतःच्या कष्टाचे दिवस, सावकाराचं किंवा सोसायटीचं व्याज, सगळं. मग विचारा, कापूस कोणत्या भावाला गेला असता तर ना नफा ना तोटा झाला असता? शेत नसेल, तर ओळखीच्या चहाच्या टपरीचा हिशेब मांडा. दुसरे पंधरा दिवस मोबाईलवर फुकट मिळणारं पायथन घेऊन तोच हिशेब आपोआप करणारा प्रोग्रॅम लिहा. पहिले चार दिवस तो चालणार नाही.

महिना संपला की वही आणि मोबाईल शेजारी ठेवा. कोणत्या पंधरवड्यात जेवायला हाका मारून बोलवावं लागलं, हे आईला विचारा. ती सांगेल तो विषय मेजर लावा, दुसरा मायनर, आणि मग पॅकेजवाल्या शेजाऱ्याचा सल्ला घ्यायचा असेल तर घ्या.